जीपीएस घड्याळ घेऊन अनोळखी शहरात पायी: नवशिक्यांसाठी

नवीन घड्याळ मनगटावर बांधून अनोळखी शहरात पहिल्यांदा पायी निघाले आणि पहिल्याच चौकातून उलट्या दिशेला गेले. घड्याळावरचा बाण इकडे म्हणत होता, मी आज्ञाधारकपणे तिकडे. अर्धा किलोमीटर चालून झाल्यावर मनगट थरथरलं: मार्ग सुटला. घड्याळ बिघडलेलं नव्हतं. मी त्याचं होकायंत्र जुळवलं नव्हतं, आणि एका जागी उभ्या माणसाचं तोंड कुठे आहे हे नुसत्या जीपीएसला कळत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर बरीच शहरं अशीच तुडवली. घड्याळासोबतच्या पुस्तिकेत जे सापडलं नाही आणि चुकत चुकत कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. "मी कुठे आहे, तिथे कसं जाऊ" हे फोनला विचारायचं. घड्याळाला एवढंच विचारायचं, "मी चुकले तर नाही ना?" दीड इंची पडद्यावर बोटांनी नकाशा सरकवत शहर शोधायला गेलात तर दोन दिवसांत घड्याळ कपाटात जाईल.

हाताशी काय हवं

- पूर्ण चार्ज केलेलं घड्याळ आणि त्याची स्वतःची चार्जिंग केबल (बहुतेक घड्याळांची केबल वेगळीच असते, ऐनवेळी दुसऱ्याची चालत नाही)
- घड्याळाचं ॲप असलेला फोन, आणि फोनवर त्या शहराचा ऑफलाइन नकाशा
- लहानशी पॉवर बँक
- मुक्कामाचा पत्ता कागदावर, शक्यतो तिथल्या लिपीत

शेवटच्या ओळीला हसू नका. फोन आणि घड्याळ एकाच दुपारी बंद पडू शकतात.

१. तुमचं घड्याळ कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

दुकानात सगळ्याच घड्याळांवर "जीपीएस" लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात चार प्रकार भेटतात.

काही स्वस्त घड्याळांत आणि फिटनेस बँडमध्ये जीपीएस नसतंच. ती फोनचं जीपीएस उसनं घेतात. जाहिरातीत याला "कनेक्टेड जीपीएस" म्हणतात आणि नवखा माणूस हमखास इथे फसतो. दुसरा प्रकार जीपीएस असलेला, पण नकाशा नसलेला. कोऱ्या पडद्यावर फक्त तुमच्या मार्गाची रेघ आणि तुमचा ठिपका दिसतो. गार्मिन फोररनर २५५ किंवा कोरोस पेस ३ ही या जातीची. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे फोररनर ९६५ किंवा सुंतो रेससारख्या घड्याळांत, नकाशा घड्याळातच साठवलेला असतो. चौथा प्रकार ॲपल वॉच किंवा वेअर ओएसवर (गूगलच्या घड्याळांसाठीच्या प्रणालीवर) चालणाऱ्या घड्याळांचा. तिथे फोनवरच्या मॅप्स ॲपचीच वळणं मनगटावर येतात.

कुठला प्रकार आपल्याकडे आहे हे शोधायला माहितीपत्रक वाचायची गरज नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, ब्लूटूथही बंद करा आणि घड्याळ घेऊन शंभर पावलं चाला. ठिपका सरकला तर जीपीएस स्वतःचं. भोवती रस्ते दिसले तर बहुधा नकाशाही स्वतःचा. काहीच झालं नाही तर फोन बंद पडताच तुमचं घड्याळ म्हणजे नुसतं घड्याळ.

नुसत्या रेघेचं घड्याळ आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नका. माझं पहिलं घड्याळ तसंच होतं, आणि रेघेवर चालण्याची सवय त्यानेच लावली. नकाशावाल्या घड्याळात माणूस नकाशा बघत राहतो आणि खांबाला धडकतो.

२. आदल्या रात्री सिंक करा

ही पायरी सगळे गाळतात आणि सकाळी फुटपाथवर उभं राहून घड्याळाला शिव्या घालतात.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह आत्ता स्वतः नेमका कुठे आहे, ही माहिती तोच खाली पाठवत असतो, पण सेकंदाला जेमतेम ५० बिट इतक्या संथपणे. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला अर्धा मिनिट अखंड सिग्नल लागतो. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक उतरवून घ्यायला तर साडेबारा मिनिटं लागतात. घड्याळ फोनशी सिंक झालं, म्हणजे दोघांतली माहितीची देवाणघेवाण पूर्ण झाली, की पुढच्या काही दिवसांचा अंदाज त्याला इंटरनेटवरून आयता मिळतो आणि जागा काही सेकंदांत सापडते. विमानाने किंवा रात्रीच्या गाडीने शेकडो किलोमीटर दूर आला असाल, तर घड्याळ अजून जुन्याच गावात असल्यासारखं उपग्रह शोधत बसतं. तेव्हा मुक्कामी पोचल्या पोचल्या, वाय-फाय असतानाच, ॲप उघडा आणि सिंक पूर्ण होऊ द्या.

नकाशावालं घड्याळ असेल तर त्या शहराचा नकाशा घरूनच उतरवून आणा. या फायली मोठ्या असतात, आणि मुक्कामाच्या वाय-फायवर रात्रभर चाळीस टक्क्यांवर अडकलेला नकाशा मी पाहिला आहे.

३. मार्ग फोनवर किंवा संगणकावर आखा

घड्याळावर मार्ग आखू नका. आखता येतो, पण आखू नका.

घड्याळाच्या ॲपमध्ये मार्ग बनवायची सोय असते. तिथे आधी "चालणे" निवडलं आहे का ते बघा. सायकल निवडलेली राहिली तर पायऱ्या, पादचारी पूल, बोळ सगळं टाळून ॲप तुम्हाला लांबून फिरवतं. "लोकप्रिय रस्ते" असा पर्याय चालू असेल तर तो धावणाऱ्यांच्या नोंदींवरून मार्ग सुचवतो. धावणाऱ्यांना बागा आणि नदीकाठ आवडतात. तुम्हाला संध्याकाळी सातला स्टेशनवर पोचायचं असतं, आणि बागेचं फाटक तोवर बंद झालेलं असतं. म्हणून आखलेला मार्ग एकदा शेवटपर्यंत बोटाने चालून बघा. फाटक, कॉलेजचा परिसर, रेल्वेमार्ग, कालवा असं काही आडवं येतंय का, आणि ते ओलांडायला खरंच वाट आहे का, एवढं तपासा. अनेक घड्याळांतले नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या नकाशाच्या माहितीवर बनलेले असतात. हौशी माणसांनी काढल्यामुळे त्यात पायवाटा पुष्कळ ठिकाणी छान असतात, पण परवा बंद झालेला पूल तुम्ही मागच्या वर्षी उतरवलेल्या नकाशात चालूच असणार.

मार्ग लहान ठेवा. दिवसभराच्या भटकंतीचा एकच सोळा किलोमीटरचा मार्ग करण्यापेक्षा तीन तुकडे करा. त्याला खरं कारण आहे. मार्ग स्वतःलाच छेदत असेल किंवा जाताना-येताना एकच रस्ता असेल, तर घड्याळ गोंधळतं. तुम्ही सुरुवातीला आहात की शेवटाला हे त्याला ठरवता येत नाही आणि ते खुशाल परतीची वळणं सांगू लागतं.

दुसऱ्या कुणी पाठवलेली जीपीएक्स फाइल वापरणार असाल तर आणखी दोन खाचखळगे आहेत. जीपीएक्स हा २००२ पासूनचा साधा मजकुराचा फॉरमॅट आहे. त्यात मार्ग दोन प्रकारे लिहिता येतो. "ट्रॅक" म्हणजे दर काही मीटरला एक बिंदू, जशी वाट तशी रेघ. "रूट" म्हणजे मोजकेच बिंदू, मधली वाट यंत्राने स्वतः शोधायची. फाइल रूटची असेल तर नकाशावालं घड्याळ मधला रस्ता आपल्या मर्जीने ठरवू शकतं, आणि रेघेवालं घड्याळ बिंदूला बिंदू जोडून इमारतींच्या आरपार सरळ रेघ मारतं. शक्य असेल तर ट्रॅकच मागा. दुसरा खळगा असा की ट्रॅकमध्ये सहसा वळणाच्या सूचना नसतात. काही घड्याळं त्या स्वतः तयार करतात, काही करत नाहीत. "आता डावीकडे" असं मनगटावर येईल या भरवशावर राहिलात तर चौकामागून चौक निघून जातील आणि घड्याळ शांत.

४. घड्याळावर चढवा आणि निघण्याआधी उघडून बघा

मार्ग ॲपमध्ये साठवला म्हणजे घड्याळात गेला असं नाही. बहुतेक ठिकाणी "घड्याळावर पाठवा" असं वेगळं बटण असतं आणि त्यानंतर पुन्हा सिंक. घड्याळावर मार्गांची यादी उघडून नाव दिसतंय ना ते बघा. नाव ओळखू येईल असं द्या. "मार्ग ७" आणि "मार्ग ७ (१)" यांतला खरा कोणता, हे भर रस्त्यात आठवत नाही.

मग थोडी मांडामांड, एकदाच करायची:

- ॲक्टिव्हिटी (घड्याळ ज्याची नोंद ठेवतं तो प्रकार) "चालणे" निवडा. बऱ्याच घड्याळांत ॲक्टिव्हिटी सुरू केल्याशिवाय मार्गदर्शन चालूच होत नाही.
- ऑटो-पॉज बंद. नाहीतर रस्त्यातल्या प्रत्येक लाल दिव्याला घड्याळ नोंद थांबवतं, सुरू होतं, थरथरतं.
- नकाशाची वरची बाजू "चालण्याची दिशा" ठेवा. उत्तर वर ठेवून डोक्यात नकाशा फिरवता येत असेल तर तसं करा. मला येत नाही.
- झूम हाताने ठरवा. पडद्यावर साधारण दोनशे मीटरचा परिसर दिसला की पुढचं वळण आणि त्यापुढचा चौक दोन्ही दिसतात.
- फोनची इतर नोटिफिकेशन बंद. वळणाची थरथर आणि कुणाच्या तरी शुभेच्छांची थरथर मनगटाला सारखीच लागते.

५. पहिली दोन मिनिटं: आकाश, मग होकायंत्र

इमारतीच्या दारातून बाहेर पडता पडता सुरू करू नका. थोडं आकाश दिसेल अशा जागी जा, ॲक्टिव्हिटी उघडा आणि सिग्नलची खूण हिरवी होईपर्यंत थांबा. खूण हिरवी झाल्यावरही अर्धा मिनिट जाऊ द्या. पहिली जागा बऱ्याचदा ढोबळ असते आणि हळूहळू नेमकी होते. याच वेळी, दाराबाहेर उभं असतानाच, मुक्कामाची जागा घड्याळात साठवून टाका.

मग होकायंत्र. सेटिंगमध्ये "कंपास कॅलिब्रेट" शोधा आणि हात हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. लोक बघतात, बघू द्या. हे करताना गाड्या, लोखंडी रेलिंग, वीजपेटी यांपासून दूर राहा. चुंबकाने चिकटणारा पट्टा घड्याळाला लावला असेल किंवा बॅगेचं चुंबकी बटण मनगटाजवळ येत असेल, तर होकायंत्र भरकटण्याचं कारण तेच असू शकतं.

त्यानंतरही पहिल्या बाणावर विश्वास नको. चालू लागलात की घड्याळ एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतच्या हालचालीवरून दिशा काढतं, आणि ती होकायंत्रापेक्षा भरवशाची असते. म्हणून वीस-तीस पावलं एका सरळ रेषेत चाला, मग बघा. ठिपका रेघेवरून पुढे सरकतोय की मागे? मागे सरकत असेल तर वळा. माझा पहिल्या दिवसाचा अर्धा किलोमीटर इथेच वाचला असता.

६. चालताना

आता खरी गंमत. उंच इमारतींच्या मधून घड्याळ खोटं बोलतं, आणि ते कसं हे समजलं की त्याचा राग येत नाही.

जागा काढायला किमान चार उपग्रह लागतात. तीन जागेसाठी आणि चौथा घड्याळातल्या वेळेची चूक काढण्यासाठी, कारण सगळा हिशेब सिग्नलला यायला किती वेळ लागला यावर असतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जातो. उपग्रहाचा सिग्नल सरळ न येता समोरच्या काचेच्या इमारतीवर आपटून तीस मीटर जास्त फिरून आला, तर तो १०० नॅनोसेकंद उशिरा पोचतो. घड्याळाला वाटतं, उपग्रह तीस मीटर लांब आहे. अरुंद रस्त्यावर आकाशाची एकच पट्टी दिसत असते, तिथले बरेचसे सिग्नल असेच भिंतींना थडकून येतात. मोकळ्या आकाशाखाली पाच मीटरच्या आसपास असणारी चूक तिथे अनेक पटींनी वाढते आणि तुमचा ठिपका शेजारच्या गल्लीत फिरायला लागतो.

घड्याळात "मल्टीबँड" किंवा "ड्युअल फ्रिक्वेन्सी" असा पर्याय असेल तर शहरात तो लावाच. अशी घड्याळं १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या एल१ सोबत ११७६.४५ मेगाहर्ट्झचा एल५ सिग्नलही ऐकतात. एल५ ची रचना अशी आहे की थेट आलेला सिग्नल आणि भिंतीवरून आलेला सिग्नल वेगळे ओळखणं सोपं जातं. ते नसेल तर निदान ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या जीपीएससारख्याच दुसऱ्या उपग्रह यंत्रणांपैकी जे चालू करता येईल ते करा. जितके जास्त उपग्रह, तितका एखाद्या खोटारड्याचा परिणाम कमी. बॅटरी जास्त जाते, जाऊ द्या.

यावरून मी स्वतःसाठी काही आडाखे बांधले आहेत.

ठिपका रेघेला समांतर पण बाजूने चालत असेल तर तुम्ही बरोबर आहात, चूक उपग्रहांची आहे. ठिपका आणि रेघ यांतलं अंतर प्रत्येक पावलागणिक वाढत असेल तर चूक तुमची आहे. "मार्ग सुटला" अशी थरथर आली की मी आधी हेच बघते, आणि वीस-तीस पावलं तशीच चालते. निम्म्या वेळा घड्याळ स्वतःच "मार्गावर आलात" म्हणून मोकळं होतं.

वळणाची सूचना आली म्हणून समोर दिसेल त्या बोळात शिरू नका. जवळजवळ दोन गल्ल्या असतील तर त्यातली कोणती हे घड्याळाला सांगता येत नाही. अशा ठिकाणी मी मार्ग आखतानाच गल्ल्या मोजून ठेवते: मोठ्या चौकानंतर उजवीकडची तिसरी. रस्त्याच्या नावाची पाटी, पूल, घड्याळाचा मनोरा, चर्चचं शिखर किंवा मिनार, असं डोळ्यांना दिसणारं काहीही ठिपक्यापेक्षा खरं मानायचं.

भुयारी मार्ग, मोठं स्टेशन, बंदिस्त बाजार, उड्डाणपुलाखालचा लांब पट्टा इथे सिग्नल जातो किंवा ठिपका उड्या मारतो. बाहेर आल्यावर लगेच दिशा ठरवू नका, हाच तर सगळ्यात मोठा सापळा. जिन्यावरून वर आल्यावर आपलंही दिशेचं भान गेलेलं असतं आणि घड्याळाचंही, आणि दोघं मिळून मोठ्या आत्मविश्वासाने चुकीकडे निघतात. थोडं मोकळ्यात या, ठिपका स्थिर होऊ द्या, मग तीच वीस पावलं. पुलावर आहात की पुलाखाली हेही ठिपका सांगत नाही. जिना शोधायचा आहे का, हे तुम्हीच वर बघून ठरवायचं.

अंतराचा अंदाज मनात बसवून घ्या. साधारण चालीने मिनिटाला ऐंशी मीटर होतात. पुढचं वळण ४०० मीटरवर दिसलं तर पाच मिनिटं मनगटाकडे बघायचं कारणच नाही. ही एक सवय लागली आणि माझं घड्याळ बघणं निम्म्यावर आलं. रस्ता ओलांडताना तर हात खालीच ठेवायचा, थरथरलं तरी.

पावसात टचस्क्रीनला थेंब म्हणजे बोटंच वाटतात आणि नकाशा आपोआप सरकत सुटतो. टच बंद करून बटणांनी कसं चालवायचं ते कोरड्या दिवशी शिकून ठेवा.

७. परत येताना

"सुरुवातीला परत" असा पर्याय जवळपास सगळ्या जीपीएस घड्याळांत आहे, नावं निरनिराळी. बऱ्याच घड्याळांत त्याचे दोन प्रकार असतात: आलेल्या वाटेनेच परत, किंवा सरळ रेषेत. शहरात पहिला निवडा. सरळ रेषेचा बाण "मुक्काम ६०० मीटर" म्हणतो आणि मधली नदी सांगत नाही. साठवलेल्या जागेकडे जाणारा बाणही बऱ्याच घड्याळांत असाच सरळ असतो.

त्यासाठी ॲक्टिव्हिटी चालू असायला हवी. जेवायला किंवा संग्रहालयात शिरताना लोक ती संपवतात आणि तिथून नवीन सुरू करतात. मग "सुरुवात" म्हणजे संग्रहालयाचं दार. संपवू नका, पॉज करा. पॉज काढायला विसरलात तर मधल्या वाटेची नोंद होत नाही. मी हे तीनदा केलं आहे.

८. बॅटरी

बॅटरी खाली आली की घड्याळ बचतीचा मोड सुचवतं. त्यातल्या काही मोडमध्ये जागेची नोंद सतत न होता अधूनमधून होते. डोंगरातल्या लांब वाटेवर ते चालून जातं. शहरात दोन नोंदींच्या मधे तुम्ही एक अख्खं वळण घेतलेलं असतं. त्यापेक्षा पडदा सतत चालू ठेवणं बंद करा, उजेड कमी करा, हृदयाचे ठोके मोजणं आणि संगीत बंद करा, आणि जीपीएस पूर्ण ताकदीवर राहू द्या. तरी पुरणार नसेल तर फोन बाहेर काढा. त्यासाठीच तो आतापर्यंत खिशात वाचवलेला असतो.

९. मुक्कामी पोचल्यावर

ॲक्टिव्हिटी साठवली की ॲपमध्ये ती नकाशावर उघडून बघा. तुमची रेघ कुठे इमारतींमधून गेली, कुठे नदीत उतरली, ते दिसेल. त्या भागात उद्याही घड्याळ तसंच वागणार आहे, तेव्हा उद्याच्या मार्गात तिथल्या खुणा आधीच टिपून ठेवा.

आणि ती नोंद सार्वजनिक होतेय का तेही त्याच वेळी तपासा. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपच्या जगभरच्या नोंदींच्या नकाशावरून लष्करी तळ आणि तिथल्या धावण्याच्या वाटा ओळखता येतात हे उघड झालं होतं. आपण सैनिक नसलो तरी रोज सकाळी एकाच दारातून सुरू होणारी आणि रात्री तिथेच संपणारी रेघ म्हणजे मुक्कामाचा पत्ताच. ॲपच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये नोंदी "फक्त मला" करता येतात, काही ॲपमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा लपवताही येतो. शहर सोडताना घड्याळातले जुने मार्ग पुसून टाका. नाहीतर पुढच्या शहरात, पावसात, टच बंद असताना बटण दाबत दाबत तुम्ही या शहराच्या "मुक्काम ते स्टेशन" वर जाऊन थांबाल, आणि घड्याळ शेकडो किलोमीटर लांबचा बाण दाखवत राहील.